तुझ्या नावाचा तांदूळ

पंचफुला, तुझं नाव कापायचं आहे. रेशनकार्डावरून. फॉर्म आणून चार दिवस झाले. घडी करून बंडीच्या खिशात ठेवला आहे, आणि खिसा रिकामा होत नाही म्हणून बंडी धुवायला टाकत नाही. शेजारीण परवा तोंडावर बोलली, "काका, बंडी तं बदला, वास येऊन राहिला." तिला काय सांगू, खिशात तू आहेस म्हणून?

बोलताना आपण जन्मभर तुले-मले केलं, पण कागद समोर आला की हात चौथीतल्या मास्तराचं ऐकतो. तेव्हा हसू नको.

तुला जाऊन दीड महिना झाला. भेटायला आले ते सगळे म्हणाले, "सुटली बिचारी." कशातून सुटली ते एकानंही सांगितलं नाही. चांगली चालत होतीस, भांडत होतीस, आदल्या दिवशी सडकं वांगं भाजीवाल्याच्या गाडीवर परत ठेवून आली होतीस. सुटला असेल तर तो भाजीवाला सुटला.

आता अडचण ऐक. आपली सुनीता म्हणते, "बाबा, एकटे काय करता नंदनवनच्या खोलीत? तुमचं नाव माझ्या कार्डावर चढवते. या कळमेश्वरले." जावईही तेच म्हणतो. कारखान्यातून सुटला की रोज फोन करतो. पोरं चांगली आहेत, त्यात वाद नाही. पण मला ठाऊक आहे, कार्ड गेलं की मागोमाग शेगडी जाईल, मग पातेलं, मग ही खोली. सत्तरी ओलांडलेला माणूस दुसऱ्याच्या कार्डावर चढला की तो पाहुणा होतो, आणि पाहुण्याला भाजीत मीठ कमी आहे असं म्हणता येत नाही. मला ते म्हटल्याशिवाय घास जात नाही, हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत?

चूल इथंच ठेवायची तर दुसरा रस्ता आहे. तुझं नाव कापायचं, मशीनवर माझी ओळख पटवायची आणि दर महिन्याला लाइनीत उभं राहायचं. रेशनच्या लाइनीत. मी. चाळीस वर्षं तेच पोतं पाठीवर वाहिलं, पण पिशवी घेऊन त्या लाइनीत कधी उभा राहिलो नाही. तू म्हणायचीस, "माह्यामागं काय खासान जी?" मी म्हणायचो, "मी आंधी मरतो, तू फिकीर नको करू." ते काही जमलं नाही.

माझी ही अढी कुठून आली ते तुला अर्धंच माहीत होतं. बहात्तरच्या दुष्काळात आपल्या कुहीकडचं धान करपलं आणि रेशनवर मिलो आला. लाल ज्वारी, अमेरिकेची. त्याची भाकर तव्यावर टाकली की तिचे तुकडे पडायचे, आणि माय ते तुकडे एकमेकांशेजारी लावून पुन्हा भाकरीसारखं दाखवायची. वास असा की गाय तोंड फिरवेल. माझा बाप म्हणाला, "हे तिकडं डुकराले देतात म्हणे." माय म्हणाली, "मंग डुकरासारखे गुमान खा ना. डुकरं बोलून राहिले का?" आम्ही सगळे हसलो. खाल्ला. जगलो. पण एक दिवस मी मायसोबत दुकानात गेलो होतो, तर दुकानदार चारचौघांत म्हणाला, "खा, फुकटाचं खा, परदेशातून भीक आली हाय." फुकटाचं कुठं होतं, पैसे देऊन घेत होतो. पण मायनं पदर नाकापर्यंत ओढला. तिथंच मी मनात धरलं की पाठ मोडेपर्यंत काम करीन पण या दारात उभा राहणार नाही. हे पदराचं तुला कधी सांगितलं नाही. मायचा अपमान सांगायचा कसा, म्हणून.

त्याच दुष्काळात तू भेटलीस, ते मात्र मी उपाशी असतानाही गोड आहे. रस्त्याचं काम सरकारनं काढलं होतं. तू खडी फोडत होतीस, आणि दुपारी कामावरच्या बायाबापड्यांना सुकडी मिळायची. पिवळी भुकटी, गोडसर. खांदे बरे होते म्हणून मला पोती उतरवून वाटपाला बसवलं. मला वाटलं मी मोठा साहेब झालो. वाटी अशी हळूहळू भरायचो. तू पुढे आलीस, ओच्यात सुकडी घेतलीस, ओच्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे.

"ओ भाऊ, वाटी भरून राहिले का दाखवून राहिले?"

मी म्हटलं, "सरकारचं हाय बाई, माह्या बापाचं नाही."

"मंग बापाचं असल्यावानी काहून वाचवून राहिले?"

सगळी रांग हसली. दुसऱ्या दिवशी मी न सांगता शिगोशीग वाटी ओतली. तिसऱ्या दिवशी आणखी जास्त. तर तू त्यातली मूठभर पोत्यात परत टाकलीस. "मागच्या बाईले पुरन का?" म्हणालीस. मी तिथंच पडलो म्हण ना. लोकांची लग्नं मामा जमवतात, आपलं सुकडीनं जमवलं. आणि पहिल्या भेटीत तू मला भाऊ म्हणाली होतीस, हे सुनीताला अजून ठाऊक नाही.

मग नागपूर. मला सरकारी गोदामात हमाली मिळाली. तेव्हापासून या देशानं भुकेल्या माणसासाठी जे जे पाठवलं ते माझ्या पाठीवरून गेलं. गहू, तांदूळ, साखर, पुढे डाळ. योजनांची नावं बदलायची, गोदामाच्या भिंतीवरचा फोटो बदलायचा, पोतं तेच. आधी ते जवळपास शंभर किलोचं असायचं, मग पन्नासचं झालं. भुकेसाठी सरकारनं काय केलं ते शिकलेल्यांनी सांगावं, माझ्या पाठीसाठी मात्र पोतं अर्धं केलं, एवढं मी कबूल करतो.

आणि तू लाइनीत. पहाटे जाऊन दगड ठेवून यायचीस नंबरासाठी, सगळ्या बायांचे दगड ओळीनं बसलेले. कोणी तुझा दगड सरकवला तर वस्तीभर गाजायचं. मी सायकलनं गोदामाकडे जाताना मान फिरवायचो. तू मुद्दाम हाक मारायचीस, "अवो जी! पाहा ना इकडं! ओळख नाही का?" मी पायडल जोरात मारायचो आणि मागं बाया हसायच्या. तो हसण्याचा आवाज गोदामापर्यंत माझ्यासोबत यायचा.

किती भांडलो आपण त्यावरून. मी म्हणायचो, "मी हमाल हाय, भिकारी नाही. घरच्या बाईनं हात पसरावा असं काय कमी केलं मी?" तू भाजी चिरता चिरता म्हणायचीस, "मी मागून नाही राहिली, घेऊन राहिली. भीक मागाले वाडगं लागते जी. मले कार्ड देल्लं हाय." मी म्हणायचो, "कागदानं लाज झाकत नाही." तू म्हणायचीस, "झाकत नाही, पण भात शिजते." मग मी तो भात खायचो. खाताना भांडण थांबायचं, हात धुतले की पुन्हा सुरू. हे भांडण तू अर्ध्यातच टाकून गेलीस, हे काही बरं केलं नाहीस.

आणि तो सर्वे. कार्डांचे रंग आले तेव्हा घरोघर एक माणूस वही घेऊन आला. गरीब कोण ते लिहायला. जो गरीब त्याला पिवळं कार्ड, धान्य जास्त आणि स्वस्त. तू त्या दिवशी सगळी तयारी केली होतीस. पंखा आहे का, विचारलं तर तू म्हणालीस, "हाय, पण तो फिरत नाही, लटकते." सायकल? "ते गोदामाची समजा." छान चाललं होतं. मग त्यानं मला विचारलं, "काका, दोन्ही वेळ पोटभर जेवता का?"

पंचफुला, मला काय झालं ते मला आजही कळत नाही. समोर खुर्चीवर पँटशर्टातला माणूस, हातात पेन, आणि मला विचारतो जेवता का. मी ताठ झालो. म्हटलं, "जेवतो! डेकर देऊन जेवतो! माझ्या घरी कोनी उपाशी झोपत नाही!"

त्यानं लिहून घेतलं. तू दारात उभी होतीस, तुझ्या हातातून सांडशी पडली.

केशरी कार्ड आलं. पिवळं शेजाऱ्याला, ज्याच्याकडे टीव्ही होता. त्यानं पोटाचं उत्तर बरोबर दिलं होतं.

आठ दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. फक्त ताट वाढायचीस, उतू जाईल इतका भात, आणि समोर बसायचीस. "जेवा. पोटभर जेवता ना? जेवा." मी दात-ओठ खाऊन जेवायचो. पोट फुटायची वेळ आली तरी नको म्हणायची सोय नव्हती. नवव्या दिवशी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेलो आणि पातेल्यात पाहिलं. तुझ्यासाठी खालची खरवड होती. आठ दिवस तेवढंच. मी म्हटलं, "चुकलं वं माह्यं." तू म्हणालीस, "मले नाही, त्या सर्वेवाल्याले सांगा." मी दोन दिवस त्याला शोधत फिरलो. तो दुसऱ्या प्रभागात गेला होता.

पुढे नवा कायदा आला, आपल्या केशरी कार्डावरही शिक्का पडला, माणशी पाच किलो. त्या वेळी चौकशी होणार हे तुला आधीच कळलं होतं. सकाळीच तू मला म्हणालीस, "जवसाचं तेल पाहिजे, इतवारीतून आना, दुसरीकडचं नको." मी अख्खं इतवारी पालथं घालून आलो तर घरात जवसाच्या तेलाची बाटली भरलेली, आणि चौकशी करून माणूस गेलेला.

तुझी खिचडी आता. शाळेत आधी पोट्ट्यांना महिन्याचा तांदूळ घरी द्यायचे, पिशवीत. मग म्हणाले शिजवूनच द्या. आपल्या वस्तीतल्या शाळेत तुला काम मिळालं आणि तू रस्त्यानं अशी चालायला लागलीस जणू कलेक्टर. पहिल्या दिवशी हंड्याएवढ्या गंजात खिचडी करायची भीती वाटली म्हणून आदल्या दिवशी घरी करून पाहिलीस. मला विचारलंस, "कशी झाली?" मी म्हटलं, "ठीक."

शाळेत एक वही असायची, चवीची. पोरांना वाढायच्या आधी मास्तरनं खायचं आणि वहीत चव लिहायची. हेडमास्तर रोज लिहायचे, चांगली. एक दिवस तूच भडकलीस. "सर, आज मीठ कमी हाय. खरं लिवा."

"अवो बाई, मीठ कमी लिहिलं तर वरून चौकशी लागते."

"लागू द्या. पोट्टे फिकं खाऊन राहिले अन् तुमी चांगली लिवून राहिले. नाही लिवलं तं उद्या मीच इसरन का मीठ कमी होतं."

शेवटी हेडमास्तरांनी लिहिलं, मीठ किंचित कमी, आणि महिनाभर चौकशीच्या भीतीनं झोपले नाहीत. कोणी आलं नाही. वरती ती वही कोणी वाचतच नव्हतं, पण तुला ते सांगायची हिंमत कोणाची? घरी येऊन तू मला म्हणालीस, "त्यायनं रोज चांगली लिवली. तुमी मात्र जन्मात एकदा बी चांगली म्हटली नाही. ठीक, ठीक, ठीक." मी म्हटलं, "ठीक म्हंजे चांगलीच असते." पंचफुला, खिचडी चांगली होती. फार चांगली. मला वाटायचं म्हटलं तर तू बिघडशील. एवढाच अकलेचा भाग.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो. वीस वर्षं पोटात ठेवलं आहे.

शाळांच्या तांदळाची गाडी आमच्याच गोदामातून भरायची. एकदा नवा तांदूळ आला, पांढरा, लांब, हातात घेतला तर घरंगळणारा. त्याच्यासोबत जुनाही पडला होता, थप्पीच्या खालचा, किडे लागलेला. गाडीत दोन्ही जाणार होतं. मी मनात म्हटलं, माझ्या बाईच्या गंजात हा चांगलाच पडला पाहिजे. तुझी शाळा पहिल्या थांब्यावर होती, शेवटचा थांबा आपली कुही. मी चांगल्या तांदळाची पोती निवडली, बाकीच्यांना हात लावू दिला नाही, आणि मोठ्या उत्साहानं सगळ्यात आधी तीच गाडीत चढवली. अगदी आत, नीट लावून. मग वरून जुनी.

तू आता हसायला लागली असशील. इतकी वर्षं गाड्या भरल्या, आधी चढवलेलं पोतं शेवटी उतरतं हे गोदामातल्या कुत्र्यालाही माहीत. पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर तुझा गंज होता, गाडीचं दार नव्हतं.

गाडी तुझ्या शाळेपुढे थांबली, दार उघडलं, आणि वरची पोती उतरली. किडे, अळ्या, सगळं. चांगला तांदूळ मजेत कुहीला गेला.

तू चार आयांना बोलावून सूप घेऊन बसलीस, तीनदा पाखडलास, चारदा धुतलास. पोरांना खिचडी उशिरा मिळाली. घरी आलीस ती पेटून. "कोन्या मुडद्यानं भरली आज गाडी?"

मी म्हटलं, "पाहा लागन."

दुसऱ्या दिवशी तू गोदामाच्या फाटकावर. पदर खोचलेला, हातात त्या तांदळाची पुडी. "कोन हाय मुकादम? माह्या पोट्ट्यायले किडे चारता का? तुमच्या लेकरायले हा भात वाढान का?" मी थप्पीमागं लपलो होतो. खरं सांगतो, पोत्यांच्या फटीतून तुला पाहत होतो. मुकादम, ज्याच्यापुढे आम्ही चाळीस हमाल कधी तोंड उघडत नव्हतो, तो हात जोडून म्हणत होता, "माफ करा बाई, पाहतो बाई." त्यानंतर शाळांच्या गाडीत जाणारं एकेक पोतं उघडून पाहायचा नियम झाला. तुझ्यामुळं. म्हणजे तसं पाहिलं तर माझ्यामुळं.

सांगितलं का नाही? भीती वाटली. तू पळीनं मारलं असतंस ते चाललं असतं. पण मग तू विचारलं असतंस, "अन् कुहीच्या पोट्ट्यायनं किडे खाल्ले असते तं चाललं असतं का तुमाले?" तुझ्या मायेपोटी मी दुसऱ्याच्या लेकरांच्या ताटातलं पळवायला निघालो होतो, आणि माझ्या मूर्खपणानं ती लेकरं वाचली. एक समाधान आहे. त्या दिवशी तुझ्या माहेरच्या शाळेत पोरांनी पांढरा भात खाल्ला.

काही वर्षांनी तुमचे गंज बंद झाले, एका मोठ्या स्वयंपाकघरातून गाडीनं डबे यायला लागले. तू शाळेच्या फाटकात उभी राहून मधल्या सुट्टीत पोरांना विचारायचीस, "मीठ बराबर हाय का रे?" पोरं सांगायची, "बराबर हाय, पर तुमच्यासारखं नाही." तू दोन दिवस हवेत असायचीस.

एवढं लिहून कागद ठेवला होता. तीन दिवस झाले. आज जाऊन आलो.

बंडी बदलली. आधी झोन ऑफिसात गेलो. काउंटरवर एक मॅडम. फॉर्म घेतला, दाखला पाहिला, कार्ड उघडलं.

"मयत कोण?"

"पंचफुला."

"अच्छा, कुटुंबप्रमुख वारल्या."

मी म्हटलं, "नाही मॅडम. प्रमुख मी हाय. बाई वारली."

त्यांनी कार्ड माझ्याकडे फिरवलं. वर तुझा फोटो, कुंकवाएवढा गोल चेहरा, आणि बाजूला लिहिलेलं, कुटुंबप्रमुख. खाली दोन नंबरला मी. नातं, पती.

"हे कवापासून?"

"कायदा आल्यापासून, आजोबा. घरातली मोठी बाई प्रमुख असते कार्डावर."

"तिले ठाऊक होतं?"

"फोटो त्यांचाच तर आहे."

पंचफुला! इतकी वर्षं! मी कार्डाला हात लावायचा नाही म्हणून पाहिलं नाही, आणि तू एका शब्दानं बोलली नाहीस! मी घरात ओरडायचो, "या घरात माझं चालते!" तेव्हा तू तोंडात पदर धरून आत का जायचीस, ते आज कळलं. मला वाटायचं रडतेस.

मॅडमनी पट्टी लावली आणि लाल पेनानं तुझ्या नावावर रेघ मारली. पट्टी लावली हे मला बरं वाटलं. काम नीट केलं बाईनं. रेघेखालून नाव वाचता येतं.

"आता प्रमुख तुम्ही."

"कोनाचा?"

त्यांनी कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमचाच, आजोबा." आणि मग त्याच म्हणाल्या, "बसा जरा, पाणी घ्या."

तिथून रेशनच्या दुकानात. लाइन होती. तीस-चाळीस माणसं असतील, बाया जास्त. मी रस्त्याच्या पलीकडे थोडा वेळ उभा राहिलो. तुला खोटं कशाला सांगू, परतही फिरलो. चार पावलं. मग मागून हाक आली, "ओ खिचडीवाले आजोबा! लाइन इकडं हाय!" तुझ्याच बाजूच्या गल्लीतली कोणी. सगळ्यांनी वळून पाहिलं. आता पळणार कुठं? सायकलही नाही.

उभा राहिलो. एक पोरगी म्हणाली, "बाबा, तुमी पुढं या, म्हातारे हाव." मी म्हटलं, "माहा नंबर इथंच हाय." ती म्हणाली, "आजीनं असंच केलं असतं." मी म्हटलं, "आजीनं तुले दगड सरकवला म्हणून शिव्या देल्ल्या असत्या." हसली.

मशीनवर रंजना बसते. तुझ्या शाळेतली, तुझ्या हातची खिचडी खाल्लेली. म्हणाली, "लावा अंगठा." लावला. लाल दिवा. पुन्हा. लाल. पोत्यांनी माझ्या अंगठ्याच्या रेघा कधीच्या घासून नेल्या आहेत, ते मशीनला कोण सांगणार?

मग काय, अख्खी लाइन डॉक्टर झाली.

"काका, डोक्यावर घासा, तेल लागते."

"यायच्या डोक्यावर केस कुठं हाय? माह्या डोक्यावर घासा."

"लिंबू लावा लिंबू."

"थुका लावून पाहा."

"अवो, त्याले तिखट-मीठ लावून पाहा, खिचडीवाल्याचा अंगठा हाय तो!"

मी हसायला लागलो. दीड महिन्यानं पहिल्यांदा. थांबेचना. रंजना म्हणाली, "अंगठा राहू द्या, डोळ्याची मशीन हाय, यात पाहा." मी डोळा लावला, तर हसून डोळ्यांत पाणी. "आजोबा, डोळा हलवू नका. पाणी पुसा. पुन्हा." पुन्हा हसू. मागची बाई ओरडली, "हसवू नका वं त्यायले, आमचा नंबर जाईन!" चौथ्यांदा मशीनमधल्या बाईनं सांगितलं, झालं म्हणून, आणि लाइनीनं टाळ्या वाजवल्या. रेशनच्या दुकानात टाळ्या, तू कधी ऐकल्या होत्यास का?

तांदूळ दिला, थोडा गहू. पिशवी हातात घेतली तर हलकी लागली. पन्नास किलोची सवय असलेल्या हाताला पाच किलो म्हणजे काय. पण घरापर्यंत येताना दोनदा खाली ठेवावी लागली. तू दोघांचं आणायचीस. कधी म्हणाली नाहीस जड आहे.

मायबद्दल विचार करत आलो. त्या दुकानदाराचं तोंड आठवलं आणि आजच्या टाळ्या. मी पन्नास वर्षं एका माणसाच्या बोलण्यापायी तोंड फिरवत राहिलो, आणि तू तेवढा काळ त्या लाइनीत माणसं जोडत होतीस. तांदळात कणी जास्त आहे, हे मात्र मी सांगणारच. उद्या रंजनाला सांगतो.

संध्याकाळी सुनीताचा फोन आला. "बाबा, काय ठरवलं? सामान बांधाले येऊ का आम्ही?"

मी म्हटलं, "येतो ना पोरी, दोन-चार दिवस मुक्कामाले येतो. फक्त महिन्याच्या सुरुवातीले बलावू नको. तवा मले लाइनीत उभं राहा लागते."